इआइदो: सेन्सेई (शिक्षक) साडेतीन तास पुढे, आपण गच्चीवर. एकट्याने कितपत शिकता येतं?

निळी_शाई
कराटे-ज्युदोचे वर्ग आता तालुक्याच्या गावीही सापडतात. इआइदो या जपानी तलवारकलेचं तसं नाही. म्यानातून तलवार काढता काढताच पहिला वार, लगेच दुसरा निर्णायक वार, पात्यावरचं रक्त झटकायची क्रिया आणि तलवार परत म्यानात, असा एकेका काताचा, म्हणजे ठरावीक हालचालींच्या क्रमाचा, साचा. समोर कोणी नसतं, प्रतिस्पर्धी कल्पनेतला. त्यामुळे जवळ दोजो (तालीम) नसलेल्यांना वाटतं की ही तर एकट्यानेच करायची कला, व्हिडिओवरून शिकायला काय हरकत?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अखिल जपान केंदो महासंघाने १९६९ साली वेगवेगळ्या घराण्यांतून निवडून ७ कातांचा एक सामाईक संच केला. १९८० मध्ये त्यात ३ आणि २००० मध्ये २ काता घातले. हा १२ कातांचा संच म्हणजे सेइतेई. त्यापलीकडे जुनी घराणी, म्हणजे कोर्यू: मुसो जिकिदेन एइशिन-र्यू, मुसो शिन्देन-र्यू वगैरे. ही दोन्ही आपलं मूळ सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुकेपर्यंत नेतात.

माझं मत: सेइतेई अंतरावरून बऱ्यापैकी शिकता येते, कोर्यू नाही. जाणकारांनी खोडून काढावं. शिवाय काय घ्यायचं, कुठे करायचं, चुका कशा पकडायच्या, हेही लिहा.

पाणचट_चहा
शेंगदाणे घेऊन बसलोय.

एकशिंगी_गेंडा
खोडून काढतो. सेइतेईसुद्धा नाही.

पहिला काता 'माए' घ्या. दिसायला सोपा. सेइझात, म्हणजे आपल्या वज्रासनात बसलात. उठता उठता तलवार काढून समोरच्याच्या कानशिलावर आडवा वार. पातं कुठे थांबायला हवं? उजवी मूठ खांद्याच्या उंचीला, किंचित उजवीकडे, आणि पात्याचं टोक मुठीपेक्षा जरासं खाली. एकट्याने करणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचं पातं पार उजवीकडे वाहून जातं, कारण अडवायला समोर काही नाही. टोक समोरच्यावरून निघून गेलं की पुढे छातीत भोसकण्याचा धाक राहत नाही, आणि मग दुसऱ्या वाराला अर्थच उरत नाही. हे आरशात दिसत नाही. आरशात हात कुठे आहे ते दिसतं, समोरच्यापासूनचं अंतर दिसत नाही.

एकलव्याचं उदाहरण कोणी देण्याआधीच सांगतो, त्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे.

लवंगी_फटाका
एकलव्याने उजवा अंगठा दिला. इआइत डावा अंगठा तलवार स्वतःच घेते. गुरुदक्षिणा परस्पर वळती.

सह्यकडा
गेंडासाहेब, तुम्ही सांगितलेली चूक तर व्हिडिओत सर्वांत आधी पकडली जाते. फक्त व्हिडिओ नीट घेतला पाहिजे. बहुतेक जण मोबाइल जमिनीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतात आणि शिक्षकाला हाकाम्याचा (घेरदार जपानी विजारीचा) घेर आणि नाकपुड्या दिसतात.

कॅमेरा बेंबीच्या उंचीला, ४ मीटर लांब. दोन कोन हवेत: एक थेट समोरून आणि एक उजव्या बाजूने. समोरून मधली रेषा आणि पातं कुठे थांबलं ते कळतं. बाजूने कण्याचा कल, डोक्यावर नेताना टोक मागे पडतं का, आणि खाली येताना कुठे थांबतं ते कळतं. म्यानाचं काम पाहायचं असेल तर तिसरा कोन डावीकडून मागून. मागची भिंत कोरी, आणि कपडे भिंतीच्या रंगाचे नकोत.

प्रति सेकंद निदान ६० चौकटी. आणि एक फसवणूक लक्षात ठेवा: वेगाने जाणारं पातं मोबाइलमध्ये केळ्यासारखं वाकलेलं दिसतं. कॅमेऱ्याचा सेन्सर चौकट वरून खाली ओळीओळीने टिपतो, तेवढ्यात पातं सरकलेलं असतं. त्यावरून 'माझं पातं तिरकं पडतंय' असा निष्कर्ष काढू नका. पात्याचा कोन थांबलेल्या चौकटीतच पाहा. चौकटी पाचच: टोक म्यानातून सुटतं तो क्षण, आडव्या वाराचा शेवट, तलवार डोक्यावर, उभ्या वाराचा शेवट, आणि म्यानात घालताना पात्याचं बूड म्यानाच्या तोंडावर ठेवल्याचा क्षण. सुरुवातीला शिक्षकाला अख्खा व्हिडिओ पाठवूच नका, या पाच चौकटी पाठवा.

निळी_शाई
हे फार कामाचं. थेट वर्गाचं काय? जपानात रात्रीचे ८ म्हणजे आपले दुपारचे साडेचार. नोकरदारांना फक्त शनिवार-रविवार.

सह्यकडा
थेट वर्गात शिक्षकाची गणती तुमच्यापर्यंत उशिरा पोचते आणि तुमची हालचाल त्यांच्यापर्यंत आणखी उशिरा. बरोबरीने करायला गेलात की दोघेही गोंधळता. त्यामुळे त्यांनी करून दाखवायचं, तुम्ही पाहायचं, मग तुम्ही पूर्ण काता करायचा, त्यांनी गप्प राहायचं, मग बोलायचं. त्यांच्या चित्रात डावं-उजवं उलटं दिसत असेल तर सेटिंग बदलायला सांगा, नाहीतर तलवार उजव्या कमरेला दिसेल. तलवार डाव्याच कमरेला, डावखुऱ्यांनासुद्धा. यात वाटाघाटी नाहीत.

आणि परवानगीशिवाय वर्ग रेकॉर्ड करू नका.

म्हातारा_विद्यार्थी
साधनांबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो.

पहिले सहा महिने बोकुतो, म्हणजे लाकडी तलवार, पुरे. नेहमीची लांबी सुमारे १०१.५ सेंमी, पांढऱ्या ओकची. मात्र साधी बोकुतो घेतलीत तर म्यानाचं काम शिकताच येत नाही, आणि इआइत डावा हात म्हणजे अर्धी कला. म्हणून प्लास्टिकच्या म्यानासकट मिळते ती घ्या. ती किंचित बारीक असते, त्यामुळे तिने कोणाच्या बोकुतोवर ठोकाठोकी करू नये.

पुढची पायरी इआइतो, म्हणजे सरावाची धातूची तलवार. पातं जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, वरून क्रोमचा मुलामा. धार नाही आणि लावताही येत नाही. लांबी शाकूत मोजतात, १ शाकू म्हणजे ३०.३ सेंमी. उंची १६५ असेल तर २.३५ ते २.४ शाकू, १७० ला २.४ ते २.४५, १७५ ला २.४५, १८० ला २.५ च्या आसपास. २.४५ म्हणजे ७४.२ सेंमी पातं. लांब तलवार रुबाबदार दिसते म्हणून एक माप मोठं घेणारे पुष्कळ. मग टोक म्यानातून सुटता सुटत नाही, उजवा खांदा पुढे फेकला जातो, आणि ती सवय पुढे मोडत नाही. शंका असेल तर आखूड घ्या.

पात्याला बोही, म्हणजे पाठीलगतची पन्हळ, असलेली घ्यावी. वजन कमी होतं आणि वार सरळ गेला तर शिट्टीसारखा आवाज येतो. शिक्षक जवळ नसताना हा आवाज हाच अर्धा शिक्षक.

एकशिंगी_गेंडा
तोच अर्धा शिक्षक अर्ध्यांना बिघडवतो. मनगट झटकलं तरी आवाज येतो, मोठाच येतो. आवाज *कुठे* येतो ते ऐकायला हवं. डोक्याच्या मागे-वर सुरू होऊन कपाळाशीच संपला तर ताकद वर वाया गेली. हात लांबत असताना, समोर, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यापाशी यायला हवा.

कोल्हापुरी_तांबडा
मर्दानी खेळातून येणाऱ्यांसाठी एक मुद्दा. दांडपट्ट्यात मूठ खोबळ्यात बंद असते, मनगट अडकलेलं. वार खांद्यातून, कमरेतून, गिरक्यांतून येतो, आणि एका वाराचा वेग पुढच्या वारात जातो. थांबणं म्हणजे चूक. कतानात, म्हणजे जपानी तलवारीत, नेमकं उलट: दोन्ही मनगटं मोकळी, आणि प्रत्येक उभा वार बेंबीच्या उंचीला थांबवायचा. पट्टा खेळलेल्या माणसाचा उभा वार हमखास गुडघ्यापर्यंत जातो.

थांबवायचं ते ताकदीने नाही. मुठीच्या टोकाला डावा हात, त्याची करंगळी आणि अनामिका घट्ट, उजवा हात पुढे सैलसर. शेवटच्या क्षणी दोन्ही मनगटं आत वळतात, ओलं फडकं पिळतात तशी. जपानीतही शब्द तोच आहे, चाकिन-शिबोरी, चहाचं फडकं पिळणं. घरी तपासायला ओला पंचा घ्या, वार संपतो त्या पकडीत पिळा. पाणी दोन्ही हातांखालून सारखं निथळलं पाहिजे. नुसत्या उजव्याखालून निथळत असेल तर उजवा हात दादागिरी करतोय.

पाणचट_चहा
सौ. म्हणतायत रोज सराव करा, सगळे पंचे आणून देते.

गच्चीवरचा_गणू
प्रश्न: फ्लॅटमध्ये होईल का? छत साधारण ९ फूट.

म्हातारा_विद्यार्थी
छताचं नाही, पंख्याचं बघा. ९ फूट म्हणजे २.७५ मीटर. १७० उंचीच्या माणसाने उभं राहून तलवार डोक्यावरून आणली तर टोक २.६ मीटरच्या वर जातं. पंख्याची पाती साधारण अडीच मीटरवर. हिशेब तुम्हीच करा. बसून करायच्या कातांत वार गुडघ्यावर असताना होतो, टोक २.१ ते २.२ मीटरपर्यंतच जातं. म्हणजे हॉलमध्ये पहिले तीन काता (माए, उशिरो, उकेनागाशी) शिकायला सुरुवात करता येईल, पण उकेनागाशीत उठून उभं राहून वार आहे, तो पंख्याखाली नको. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत सगळे उभ्याने, ते गच्चीवर.

जागा ३ बाय ३ मीटर तरी मोकळी हवी. पुढची सगळे मोजतात, मागची विसरतात. तलवार काढताना म्यानाचं शेपूट मागे फिरतं आणि शोकेसची काच तेच फोडतं.

फरशीवर सतरंजी दुहेरी घाला. उघड्या लादीवर सेइझातून झपकन उठायचा सराव केलात तर तलवार शिकण्याआधी गुडघे जातील. गुडघ्याला हाकाम्याच्या आत पट्टा घातलेला चालतो.

सोलकढी
गुडघे मुळातच दुखत असतील तर?

म्हातारा_विद्यार्थी
मग पाच ते बारा. पाचव्या, केसागिरीपासून सुरू करा. चौथा 'त्सुका-आते' तर मुळीच नको, त्यात एका टाचेवर बसून दुसरा गुडघा वर ठेवायचा असतो. चांगल्या गुडघ्यांनाही ते जड जातं.

सह्यकडा
आवाजावरून एक वाद बाकी आहे. बोकुतोला बोही नाही, म्हणजे आवाज नाही, म्हणजे पहिले सहा महिने पातं सरळ चाललंय का ते कळायचं कसं? उत्तर: बोकुतोला अंडाकृती मूठ आणि एक 'धारेची' बाजू असते. दारात उभे राहा, चौकटीची उभी कड समोर ठेवा, डोक्यावरून अगदी सावकाश, दहा मोजत खाली आणा. पाठीची रेषा चौकटीच्या कडेला सतत समांतर राहिली पाहिजे. बहुतेकांची खांद्याच्या खाली आल्यावर उजवीकडे कलते, कारण उजवा कोपर बाहेर पडतो. वेग वाढवून ही चूक जात नाही, दिसेनाशी होते फक्त.

नागपुरी_ऊन
म्यानाबद्दल लिहितो. गेंडासाहेबांचा आक्षेप 'समोर माणूस नाही' हा आहे, पण एकट्याने करणाऱ्याचं खरं नुकसान डाव्या हातात होतं.

तलवार उजव्या हाताने ओढून काढायची नसते. उजवा हात पुढे जातो तेव्हा डावा हात म्यान मागे ओढतो, ओबीला (कमरपट्ट्याला) घासत, करंगळीच्या बाजूने. याला सायाबिकी म्हणतात. हे नीट झालं तर टोक अलगद सुटतं. डावा हात आळशी राहिला तर उजव्याला जास्त लांब जावं लागतं, खांदा वर येतो, आणि पात्याची धारेची बाजू म्यानाच्या तोंडावर आतून घासते. इआइतोला धार नाही म्हणून बोटं वाचतात. शिन्केनला, म्हणजे खऱ्या धारेच्या तलवारीला, म्यान चिरून तळहातात यायला एक चूक पुरते.

घरी कसं पकडायचं: आठवड्यातून एकदा म्यान उलटं करून पांढऱ्या कागदावर हलकं ठोका. लाकडाचा भुसा पडला तर तुम्ही म्यान तासताय. भुसा मोजा, महिनाभरात कमी झाला पाहिजे. कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा खरी साक्ष.

परत घालताना डाव्या हाताने म्यानाचं तोंड बेंबीपाशी आणायचं, अंगठा आणि तर्जनीच्या खाचेवरून पात्याची पाठ सरकवायची, टोक आत पडलं की म्यान आणि तलवार एकमेकांकडे येतात. खाली बघायचं नाही. सुरुवातीला बघितल्याशिवाय जमत नसेल तर सावकाश करा, पण बघू नका. बघायची सवय पहिल्या महिन्यात लागली की पाचव्या वर्षीही मान खाली जाते.

एकशिंगी_गेंडा
भुशाची युक्ती मान्य.

लवंगी_फटाका
अवांतर: आमच्याकडे पावसाळ्यात दारं बसत नाहीत, तलवारीचं काय होत असेल?

नागपुरी_ऊन
अवांतर नाही, अगदी विषयाला धरून आहे. म्यान होओ नावाच्या हलक्या लाकडाचं. पावसाळ्यात फुगतं, तलवार घट्ट बसते, आणि माणूस जोर लावून उपसतो. तो जोर मग सरावात राहतो. आमच्याकडे मे महिन्यात उलट, म्यान आकसतं, पात्याच्या बुडाची पितळी पट्टी सैल होते, आणि नमस्काराला वाकलं की तलवार आपोआप बाहेर सरकते. हे जास्त धोक्याचं. तोंडाच्या आत कागदाइतकी पातळ लाकडी पट्टी चिकटवून घट्ट करतात. टेप लावू नका, गोंद वितळून पात्यावर येतो.

मुठीवरचा सुती गोफ घामाने ओला राहिला की कोकणात बुरशी धरतो. सरावानंतर तासभर पंख्याखाली, मग पिशवीत सिलिका जेल. आणि दर सरावाआधी मेकुगी तपासा, मुठीतून आरपार जाणारी बांबूची खुंटी. पातं मुठीत तिच्यावरच टिकून असतं. सैल झाली तर बांबूचीच नवी, तासून. खिळा किंवा टूथपिक घालणाऱ्याच्या समोर उभं राहू नये, मागेही नाही.

सोलकढी
आणि तेल?

नागपुरी_ऊन
चोजी तेल. चोजी म्हणजे लवंग. पण दातावर लावतो ते घरचं लवंगेचं तेल नव्हे, ते फार जहाल. चोजी तेलात पातळ खनिज तेलच असतं, लवंग वासापुरती. इआइतोला अगदी पातळ हात, तोही पुसून टाकायचा. जास्त लावलं तर म्यानात जाऊन लाकूड चिकट होतं. पोलादाच्या पात्याची काळजी वेगळी, पण ती इथे कोणाकडे नसावी.

पाणचट_चहा
इआइतोने केळीचा खांब कापता येईल का? मित्राने विचारलंय.

म्हातारा_विद्यार्थी
मित्राला सांगा नाही. मिश्रधातू ठिसूळ असतो, मार बसला की पातं मुठीजवळ तुटून उडू शकतं. कापण्याचा सराव हा वेगळा विषय, तो शिन्केनने, भिजवलेल्या तातामीच्या (जपानी गवती चटईच्या) वळकट्यांवर आणि शिक्षकासमोर. एकट्याने कधीच नाही.

कायद्याचं_बोला
शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ च्या नियमांत तलवारी आणि ९ इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार हत्यारं येतात. इआइतोला धार नाही, पण विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राला ते कळत नाही. परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टम्समध्ये अडकू शकतं, खुलासे तुम्हालाच द्यावे लागतात. मागवण्याआधी चौकशी करा. दुसरं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत वारंवार मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारीच नव्हे, लाठ्या-काठ्यासुद्धा असतात. बोकुतो खांद्यावर टाकून स्कूटरवरून फिरू नका, बंद पिशवीत न्या. आणि गच्चीवर करणार असाल तर सोसायटीला आधी सांगा. समोरच्या इमारतीतून फक्त 'एक इसम तलवार फिरवतोय' एवढंच दिसतं.

गच्चीवरचा_गणू
चेअरमनना सांगितलं तर तेच शिकायला येतील.

काठीवाला
तलवारीचा एवढा त्रास असेल तर जोदो, म्हणजे जपानी काठीची कला, घ्या ना. काठी १२८ सेंमी, जाडी २४ मिमी. कोणत्याही सुताराकडून होईल, लाकूड घट्ट आणि सरळ दाण्याचं हवं, गाठ नको. मूलभूत १२ तंत्रं एकट्याने करायची असतात, त्याला तान्दोकु म्हणतात. तीच १२ पुढे जोडीने. म्हणजे एकट्याचा सराव हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, तडजोड नाही.

एकशिंगी_गेंडा
आणि त्यानंतरचे १२ काता? सगळे जोडीचे, समोर तलवारवाला. वर्षभरात भिंत लागते. इआइत ती भिंत उशिरा येते, एवढं कबूल करतो.

काठीवाला
वर्षभर तर गेलं! शिवाय घरातल्या कोणालाही बोकुतो हातात देऊन समोर उभं करता येतं, अंतर कळायला तेवढं पुरतं. तलवारवाल्यांनीही हे करावं. माएच्या आडव्या वाराच्या जागी मुलाला खुर्चीवर बसवा (बोकुतो, सावकाश, तीन हात लांबून) आणि कानशील कुठल्या उंचीला येतं ते बघा.

सोलकढी
मुलाला विचारून.

सह्यकडा
मुलाऐवजी कपड्यांचा स्टँड. बसलेल्या माणसाच्या कानशिलाच्या उंचीला लाल दोरा बांधा. इतका साधा उपाय, पण गेंडासाहेबांच्या पहिल्या आक्षेपाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

विलंबित_द्रुत
वेगाबद्दल कोणीच बोललं नाही. एकट्याने करणारे एक तर सगळं सावकाश करतात किंवा सगळं झटक्यात. आडव्या वाराला जो-हा-क्यू लागतं: हात मुठीला अलगद, मग वेग वाढत जातो, टोक म्यानातून सुटताना सर्वांत जास्त. ख्यालाची बढत ऐकलेल्याला हे चटकन कळतं, तानेने सुरुवात करत नाहीत. आडवा वार झाल्यावर टोक डाव्या कानाजवळून मागे भोसकल्यासारखं नेऊन तलवार डोक्यावर, आणि तिथे *थांबायचं नाही*, लगेच खाली. परीक्षक माएमध्ये हे मुद्दे बघतातच: म्यान पुरेसं ओढलं का, कानाजवळून गेली का, डोक्यावर अडखळली का, वाराअखेर टोक आडव्या रेषेपेक्षा किंचित खाली आहे का. व्हिडिओ पाठवताना याच क्रमाने स्वतः तपासा.

निळी_शाई
परीक्षेचा विषय निघालाच आहे. व्हिडिओवरून दान, म्हणजे श्रेणी, मिळते का?

म्हातारा_विद्यार्थी
पैसे भरून ऑनलाइन प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या कागदाला महासंघाच्या व्यवस्थेत किंमत नाही. महासंघाची व्यवस्था अशी: इक्क्यू या आधीच्या पायरीनंतर शोदान (पहिली दान), वय १३ पूर्ण हवं. शोदाननंतर १ वर्षाने निदान (दुसरी), मग २ वर्षांनी सानदान (तिसरी), मग ३, ४, ५ आणि ६ वर्षं थांबत नानादान (सातवी). हाचिदानला (आठवीला) सातवीनंतर १० वर्षं आणि वय ४६ पूर्ण. म्हणजे कमीत कमी एकतीस वर्षांचा हिशेब. अंतरावरून शिकणाऱ्याला तसंही एवढी घाई कशाला?

एक गोष्ट मात्र जपा. सेइतेईच्या नियमपुस्तकात महासंघ अधूनमधून दुरुस्त्या करतो. वीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ कितीही मोठ्या सेन्सेईंचा असला तरी बारकावे आज चूक ठरू शकतात. आधी चालू पुस्तक, मग व्हिडिओ.

एकशिंगी_गेंडा
कोर्यूबद्दल तरी सगळे सहमत आहोत ना? एइशिन-र्यूच्या पहिल्या पायरीत सेइझातले ११ काता, दुसरीत टाचेवर बसून १०, ही मांडणी ओए मासामिची यांनी केली. ते वारले १९२७ ला. नावं, क्रम सगळं जालावर मिळतं. पण त्यांच्या शिष्यशाखांत एकाच काताचे पाय वेगळे, वेग वेगळा. दोन शाखांचे व्हिडिओ बघून तिसरंच काही बनतं, ते कोणत्याच घराण्याचं नसतं. किराणा आणि जयपूर युट्यूबवर ऐकून आपण गातो ते कोणतं घराणं?

विलंबित_द्रुत
बाथरूम घराणं. सहमत.

निळी_शाई
मग सेइतेईपुरतं आणि पहिल्या तीन महिन्यांपुरतं बोलू. बोकुतो म्यानासकट आली आहे असं धरा. रोज ४० मिनिटं. काय करावं?

सह्यकडा
पहिला महिना काता नाहीच. ओबी बांधणं, बोकुतो खोचणं (थेट अंगाला लागून नाही, ओबीच्या पदरांमध्ये, त्सुबा, म्हणजे मुठीपुढची चकती, बेंबीसमोर), सेइझात बसणं-उठणं, नमस्कार. ओबी साधारण ९ सेंमी रुंद, ४ मीटर लांब. ज्युदोचा अरुंद पट्टा नको, म्यान त्यात डुगडुगतं. जाड सुती कापडाची घडी शिवून घेतली तरी चालते. रोज ५० सावकाश उभे वार, दाराच्या चौकटीसमोर. ५० म्हणजे ५०, ५०० नव्हे. हजार चुकीचे वार तुम्ही पक्के करून बसाल आणि शिक्षकाला वर्ष लागेल ते सोडवायला.

दुसऱ्या महिन्यात नुसतं काढणं आणि घालणं, प्रत्येकी २० वेळा, मध्ये वार नाही. तिसऱ्या महिन्यात माए, दिवसाला ८ ते १०, त्यातला एक रेकॉर्ड. आठवड्याला शिक्षकाकडून *एकच* दुरुस्ती मागा. पाच मागितल्या तर ते देतील, आणि तुम्ही एकही करणार नाही.

एकशिंगी_गेंडा
आणि चौथ्या महिन्यात गाडी पकडून जिथे कुठे शिबिर असेल तिथे दोन दिवस जा. कोणीतरी मागून तुमचा डावा कोपर दोन बोटांनी आत ढकलेल. व्हिडिओवर तीन आठवडे चाललेलं काम तीन सेकंदांत होतं. वर्षातून दोनदा हे होणार असेल तर मग मीही म्हणतो, शिका अंतरावरून.

पाणचट_चहा
गेंडा वितळला. तारीख नोंदवा.

गच्चीवरचा_गणू
शेवटचा प्रश्न. नमस्कार कुठल्या दिशेला करायचा? गच्चीवर एका बाजूला पाण्याची टाकी, दुसरीकडे डिश अँटेना.

म्हातारा_विद्यार्थी
एक बाजू ठरवा आणि ती बदलू नका, पुरे. टाकीची बाजू चालेल, फक्त टाकी भरून वाहायला लागली की सराव बंद. ओल्या कोब्यावर उशिरोचं १८० अंशांचं वळण घेऊ नका.

गच्चीवरचा_गणू
टाकी रोज सकाळी सात वाजता वाहते. मग सहालाच.